गावातला बंद वाडा : अठरा वारस, एक कुलूप

बालाघाटी

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माझं माहेर बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईपासून तासाभरावरचं नगरपंचायतीचं गाव. आमच्या घराच्या उजव्या भिंतीला लागून एक वाडा आहे. मी शाळेत असल्यापासून त्याला कुलूप. पुढे ढाळज (दारातली बैठकीची पडवी), मग चौदा खणांचं माळवद (सपाट मातीच्या छपराचं घर), त्यातले सहा खण बसलेत. ओसरीत रुई माजलीय आणि न्हाणीच्या मोरीतून पिंपळ वर आलाय. जागा साठ बाय पंचेचाळीस फूट. रस्त्याच्या अंगाला एक गाळा आहे, त्यात एक टेलरकाका बसतात. बाकी सगळं घुशींच्या मालकीचं.

मूळ मालक १९७१ साली वारले. त्यांच्या मधल्या मुलाचा थोरला मुलगा लातूरला असतो, तो विकायचं म्हणतोय. बावीस लाख. दलालाच्या म्हणण्याप्रमाणे "कागद क्लिअर आहेत ताई, डोळे झाकून घ्या." कागद म्हणजे मूळ मालकाच्या, त्याच्या आजोबांच्या नावाचा पीटीआर (घरपट्टीच्या नोंदवहीचा) उतारा, घरपट्टीच्या पावत्या आणि सात जणांचं नोटरी केलेलं संमतीपत्र.

आम्ही राहतो पुण्यात. नवरा म्हणतो एफडी कर आणि शांत झोप. बाबा म्हणतात शेजारची जागा जन्मात एकदाच विकायला निघते. माझा विचार असा की आत्ता घ्यावं, पाडून पाच-सहा खोल्या काढाव्यात, भाड्यानं द्याव्यात. दहा वर्षांनी भाव येईलच.

कुणी असं बंद घर घेतलंय का? काय बघावं?

ढेकळं

ताई कशाला घ्यायलात? आमच्या गल्लीत असे चार वाडे पडून आहेत. मालक पुण्यात, मुंबईत, हैदराबादला. दिवाळीला येतात, कुलपाचा फोटो काढून स्टेटसला टाकतात अन जातात. विकत बी नाहीत अन राहत बी नाहीत.

हिशेबी

भावना बाजूला ठेवून आकडे मांडतो. खरेदी २२ लाख. मुद्रांक, नोंदणी, वकील, जाहीर नोटीस धरून दीड-पावणेदोन लाख. पाडकाम आणि मलबा उचलणं दोन लाख, त्यातून जुन्या लाकडाचे जे येतील ते वजा. हजार चौरस फूट साधं बांधकाम १८०० च्या भावानं १८ लाख. झाले ४४ लाख.

तालुक्याच्या गावात अटॅच्ड खोलीला तीन हजार मिळाले तर डोक्यावरून पाणी. पाच खोल्यांचे वर्षाला १,८०,०००, तेही एकही खोली रिकामी न राहता. म्हणजे चार टक्के. बँकेत साडेसहा टक्क्यांनी २,८६,००० मिळतात आणि मॅनेजर रात्री दोन वाजता टाकी भरली नाही म्हणून फोन करत नाही.

लातूर शहरात शिकवणी क्लासच्या परिसरात जागा असती तर गणित वेगळं झालं असतं. तिथं पोरं दरवर्षी नवी येतात. तुमच्या गावात भाडेकरू कोण? दोन शिक्षक, एक ग्रामसेवक आणि बँकेत नवीन लागलेला मुलगा, जो सहा महिन्यांत बदली करून घेतो.

ढेकळं

"भाव येईलच" वरून आठवलं. आमचा दलाल रेल्वेच्या नावावर प्लॉट विकता विकता म्हातारा झाला. २६१ किलोमीटरची अहिल्यानगर-बीड-परळी लाइन, गाडी बीडपर्यंत आली सप्टेंबर २०२५ मध्ये. आता त्याचं पोरगं शक्तिपीठ महामार्गाच्या नावावर विकतंय.

उंबरठा

वकिली करतो, दिवाणी बाजूची, म्हणून जरा लांबलं तर माफ करा.

पहिली गोष्ट. पीटीआर किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर कुणाकडून घ्यायचा याचा कागद आहे, मालकीचा नाही. घरपट्टी भाडेकरूनं भरली तरी पावती फाटते.

दुसरी, आणि खरी. ते घर बेवारस नाही. उलट त्याला वारस इतके आहेत की कुणालाच आत जाता येत नाही. मालक १९७१ साली मृत्युपत्र न करता गेले असतील तर त्या दिवसापासून सगळ्या मुलांचा आणि मुलींचा हिस्सा पडला. पुढं जे जे वारले त्यांची बायका-मुलं आत आली. सात जणांच्या संमतीपत्राचा उपयोग एवढाच की सात जणांचे पत्ते कळले. स्थावरातला हक्क सोडायचा किंवा विकायचा तर नोंदणीकृत दस्तच लागतो. नोटरीचा शिक्का त्याची जागा घेत नाही. उद्या तो लातूरचा मुलगा "माझ्याकडे सगळ्यांचं मुखत्यारपत्र आहे" म्हणाला तर ते नोंदणीकृत आहे का, त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिलाय का आणि लिहून देणारे सगळे जिवंत आहेत का, तिन्ही तपासा. देणारा वारला की साधं मुखत्यारपत्र संपतं.

"मी माझ्यापुरता हिस्सा विकतो, बाकीचे नंतर सह्या करतील" असं म्हणणारा माणूस हमखास भेटतो. तसा हिस्सा कायद्यानं विकत घेता येतो, पण एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात परक्या खरेदीदाराला इतरांबरोबर ताबा मागता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ४४. तुम्ही वाटपाचा दावा लावलात तर घरचे लोक तुमचाच हिस्सा कोर्टानं ठरवलेल्या किमतीला विकत मागू शकतात, ते १८९३ च्या वाटप कायद्याचं कलम ४. थोडक्यात पैसे तुमचे जातील, दार त्यांचंच राहील.

वारस किती आहेत, मोजलेत?

बालाघाटी

बाबांना फोन लावून वंशावळ काढली. आजोबांना तीन मुलगे, दोन मुली. आजी त्यांच्या आधीच गेल्या.

थोरले वारले : बायको, दोन मुलगे, दोन मुली. पाच.
मधले वारले, काकूही गेल्या : तीन मुलगे, एक मुलगी. चार.
धाकटे वारले : बायको, एक मुलगा, एक मुलगी. तीन.
मोठी मुलगी वारली : नवरा, चार मुलं. पाच.
धाकटी मुलगी आहेत, ७८ वर्षांच्या, निजामाबादला असतात. एक.

अठरा! आणि संमतीपत्रावरच्या सातांत एकही बाई नाही.

कोनाडा

सात पुरुष, शून्य बायका. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पडक्या वाड्याची गोष्ट या एका ओळीत येते.

उंबरठा

कोनाडा +१.

ताई, आता एक बारीक पण महागाची गोष्ट. तो वाडा आजोबांनी स्वतः घेतला होता, का त्यांच्या वडिलांकडून आला होता? स्वकष्टार्जित असेल तर पाच मुलांत सरळ पाच हिस्से, म्हणजे निजामाबादच्या आत्यांचा १/५. वडिलोपार्जित असेल तर १९७१ साली लागू असलेल्या कायद्याप्रमाणे आधी आजोबा आणि तीन मुलगे यांच्यात वाटणी झाली असं मानायचं, प्रत्येकी १/४, आणि मग आजोबांचा १/४ पाचांत. तसं धरलं तर आत्यांना १/२०.

बावीस लाखांत एकीकडे ४,४०,०००, दुसरीकडे १,१०,०००. भावांची पोरं "वडिलोपार्जित" म्हणणार, आत्या "आबांनी, आमच्या वडिलांनी घेतलेलं" म्हणणार.

(कुणीतरी मुलींना मुलांइतका हक्क देणाऱ्या २००५ च्या दुरुस्तीचं आणि सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालाचं नाव घेईल म्हणून आधीच सांगतो, या घरात मुलींना हिस्सा द्यायला त्यांची गरजही नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंच तो मिळालाय. २००५ नं फक्त आकडा वाढू शकतो.)

जुगाडू

एवढं डोकं कशाला लावायचं? कुणी राहत नाही ना? मागच्या बाजूनं भिंत काढा, वापरायला घ्या. बारा वर्षांनी आपोआप तुमचं.

उंबरठा

असा सल्ला देणाऱ्यांमुळेच माझं घर चालतं.

कुलूप त्यांचं, घरपट्टी त्यांच्या नावानं, आणि तुम्ही चोरून वापरताय, याला विरुद्ध ताबा म्हणत नाहीत. मालकाच्या हक्काला उघड नाकारून, अखंड बारा वर्षं ताबा लागतो, आणि तो सिद्ध करायला कोर्टात जी वर्षं जातात ती वेगळी. ताईंचे वडील शेजारी राहतात. रोज सकाळी कुणाला तोंड दाखवायचंय?

पांढरीचा माणूस

सिव्हिल इंजिनिअर, मुक्काम लातूर. कागदाचं उंबरठा बघतील, मी भिंतीचं सांगतो.

आत जाणार असाल तर आधी वर बघा. माळवदावर दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा थर द्यायची पद्धत. पन्नास वर्षं थर चढत गेले की छप्पर दीड-दोन फूट जाड होतं. एक फूट जाडीची माती चौरस फुटाला पन्नास किलोच्या आसपास, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीवर पाच टन, तेही कोरडी असताना. बंद घरावर कुणी नवा थर देत नाही, सवण्यावर (छपरातल्या झरोक्यावर) झाकण राहत नाही, पाणी मुरतं आणि वजन वाढतं. खाली तुळई शाबूत दिसते, पण तिचं भिंतीत गेलेलं टोक सडलेलं असतं, कारण ओल तिथं कोंडते. स्क्रूड्रायव्हर घेऊन जा आणि टोकाशी टोचून बघा. लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर त्या खणाखाली उभं राहू नका, फोटोही काढू नका.

भिंती अडीच फूट जाड आहेत म्हणून भक्कम समजू नका. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये दगडाच्या कपच्या आणि माती. दोन्ही थरांना बांधणारा आडवा लांब दगड बहुतेक ठिकाणी नसतोच. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ ला किल्लारीच्या भूकंपात हेच झालं. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. भिंतीचे थर फुटून सुटले आणि वरची माती आली. मी तेव्हा नववीत होतो, किल्लारीपासून लांब औशाकडे, पण आमची भांडी फळीवरून खाली आली होती तो आवाज अजून कानात आहे. काही घरांत लाकडाचा सांगाडा खांबांवर उभा राहिला आणि भिंती तेवढ्या गेल्या, म्हणून सगळंच माळवद वाईट असं नाही म्हणणार. पण भाड्यानं द्यायच्या खोल्या त्या भिंतींवर नकोत. पाडा.

पाडताना तुमच्या घराची भिंत सामाईक आहे का ते आधी बघा. एकच भिंत दोघांची असेल तर त्यांचं घर उतरवताना तुमचं उघडं पडतं. आणि खाली काळी माती असेल तर नव्या बांधकामाला पायाचा खर्च हिशेबींनी धरलाय त्याहून जास्त येईल.

हिशेबी

म्हणजे माझे चार टक्केही गेले.

गंगथडी

महसुलातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. दोन शब्द.

आपला मुलुख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे होता. जुने दस्त उर्दूत, काही मोडीत. शेताला खासरा पाहणी पत्रक सापडतं, १९५४-५५ चं. गावठाणातल्या घराला ते लागू नाही, त्यामुळं दलाल खासऱ्याची नक्कल दाखवू लागला तर हसून चहा पाजावा. सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रकावर थांबू नका, मूळ चौकशी नोंदवहीची नक्कल मागा. त्या वेळी ताब्यात कोण होतं, हक्क कशाचा सांगितला, हे तिथं असतं. तिथं शासन, देवस्थान, इनाम असला काही शब्द दिसला तर पुढं जाऊ नका. वक्फ मंडळाचं मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीत आहे, शंका असेल तर तिथंही नोंद बघून घ्यावी, नंतर धावपळ नको. सिटी सर्व्हे झालाच नसेल तर मोजणी आणि चतुःसीमा यांवर जोर द्या.

उर्दू दस्त सापडला तर वर्ष फसली (निजामाच्या कारभारातलं सालगणन) असेल. त्यात ५९० मिळवा, फार तर ५९१, की इसवी सन येतं. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. महिने आजूर, दय, बहमन असे. आमच्या कचेरीत हे दस्त वाचणारे एक पेशकार (कारकून) होते, ते गेले आणि त्या कपाटाची भाषाच गेली.

बालाघाटी

काका, खूप धन्यवाद. बाबांना विचारलं, ते म्हणतात आबांनी तो वाडा विकतच घेतला होता, पण कागद कुणाकडे ते माहीत नाही.

आणि एक गंमत. काल बाबांनी फटीतून डोकावून बघितलं, आतल्या चौकटीचं दार गायब आहे आणि दोन तुळया कमी आहेत. दिवाळीत मी स्वतः मोजल्या होत्या.

कोनाडा

गंमत नाही ती, पहिला हप्ता आहे. पडक्या वाड्यात सगळ्यात आधी विकलं जातं ते सागवान. व्यापारी घनफुटावर घेतात, जुनं वाळलेलं लाकूड नव्यापेक्षा चढ्या भावानं जातं. सौदा ठरताना जे लाकूड दिसतं आणि ताबा घेताना जे उरतं त्या फरकात एक खोली तयार होते. आजच फोटो, व्हिडिओ काढून ठेवा, आणि साठेखतात खांब-तुळया-दारं मोजून लिहा.

मी घेतलाय असा वाडा. गोदाकाठच्या एका गावात, २०१६ ला. अकरा वारस होते, दोन वर्षं गेली. सांगतो, कारण इथं सगळे घाबरवतायत.

पहिलं वर्ष मी जागेबद्दल बोललोच नाही. प्रत्येकाच्या घरी गेलो, लग्नाला गेलो, एका तेराव्याला गेलो. या लोकांनी एकमेकांशी वीस-वीस वर्षं अबोला धरलेला असतो. थोरल्याचा निरोप धाकट्याला मी द्यायचो. शेवटी मला कळलं की मी घर घेत नव्हतोच, मी निरोप्या होतो.

विसार कमीत कमी दिला, आणि चेकनं. वीस हजार किंवा त्याहून जास्त विसार रोख घेतला तर घेणाऱ्यालाच तेवढा दंड बसतो, हे त्यांना सांगितलं की रोखीचा आग्रह आपोआप थांबतो. साठेखत नोंदवलं. स्थानिक पेपरात नोटीस दिली, कुणाची हरकत आली नाही, पण नोटीस वाचून एक चुलतभाऊ उगवला, ज्याचं नाव वंशावळीत कुणी सांगितलंच नव्हतं. तो बारावा.

रजिस्ट्रीच्या दिवशी बारा डीडी एका पाकिटात. कुणाचा किती, आधी कागदावर सह्या घेऊन ठरलेलं. तरी दुय्यम निबंधकाच्या दारात, अंगठा लावायच्या आधी, त्या बाराव्यानं सांगितलं की मला देवघराचं दार पाहिजे. पैसे नकोत, दार. सगळे गप्प. मी म्हटलं, दिलं. तो टेंपो घेऊन आला होता. म्हणजे मनात ठरवूनच आला होता.

पाया खणताना गावात आवई उठली की हंडा निघाला. तीन रात्री लोक टॉर्च घेऊन येत होते. निघालं काय, तर जात्याची तळी, एक पितळी झाकण आणि बळदात कुजलेला जोंधळा.

गंगथडी

हंडा निघाला असता तर दहा रुपयांच्या वरचं असलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १८७८ चा कायदा आहे, गुप्तधनाचा. रक्कम अजून दहा रुपयेच आहे.

ढेकळं

दहा रुपयांचं गुप्तधन तर आमच्या गल्लीत रोज निघतं, नालीत.

हिशेबी

कोनाडा, गोष्ट छान आहे. पण घेतल्याचं काय झालं? परतावा?

कोनाडा

राहतो मी तिथं. विकायचाय कुणाला?

हिशेबी

मग ती गुंतवणूक नाही, घर आहे. धाग्याचा विषय गुंतवणूक आहे. वेगळं धरा.

उंबरठा

हिशेबींशी सहमत, पण ताईंच्या बाबतीत एक फरक. शेजार आहे. दोन जागा एक झाल्या तर आमच्याकडे एका अशिलाला रस्त्याकडची रुंदी वाढली म्हणून दोन्हीची मिळून किंमत सुट्या बेरजेपेक्षा जास्त आली. बाहेरच्या माणसाला हा वाडा बावीसला महाग, तुम्हाला कदाचित नाही. मात्र नगरपंचायतीच्या विकास आराखड्यात तो रस्ता रुंद दाखवलाय का ते बघा. साठ फुटांतले दहा गेले तर तुमचं गणित पुढूनच खाल्लं जाईल.

आणि टेलर! तुम्ही एका ओळीत सोडून दिलंत. भाडं देतात का?

बालाघाटी

देतात. महिना १५० रुपये. पूर्वी थोरल्या काकांना हातात द्यायचे, ते वारल्यावर कुणी घेईना म्हणून मनीऑर्डर करतात. परत येते. पावत्या त्यांनी एका बिस्किटाच्या डब्यात ठेवल्यात. मला दाखवल्या, १९८६ पासूनच्या. खूप अभिमानानं दाखवल्या.

उंबरठा

अभिमान बरोबर आहे. तो डबा म्हणजे त्यांचा किल्ला आहे. भाडे नियंत्रण कायद्याखाली ते भाडेकरू आहेत, मालक बदलला तरी भाडेकरू तुमच्याबरोबर येतो. "रिकाम्या" घरातला राहता माणूस तोच. त्यांना नव्या बांधकामात गाळा द्यायचं लेखी ठरवा, किंवा किंमत त्या हिशेबानं खाली आणा. बावीस लाख रिकाम्या जागेचे आहेत, टेलरसकटचे नाहीत.

आणि खरेदीखत अठराही जणांच्या सहीचं, सगळे विकणारे म्हणून. आत्यांकडून भावाच्या पोरांना हक्कसोड आणि मग पोरांकडून तुम्हाला, असा रस्ता दलाल सुचवेल. पाचशे रुपयांच्या मुद्रांकात होतं, स्वस्त पडतं. पण त्यात म्हातारीला एक पैसा मिळत नाही, आणि उद्या तिची नातवंडं फसवणुकीचा दावा घेऊन तुमच्या दारात येतात. पैसे तिच्या खात्यात.

बालाघाटी

मागच्या आठवड्यात निजामाबादला जाऊन आले. नवऱ्याला नांदेडला मीटिंग होती, मी पुढं गेले.

आत्यांचं घर रेल्वे स्टेशनच्या मागं, दोन खोल्या, मुलगा सून कामावर. त्यांनी ओळखलं नाही, बाबांचं नाव सांगितल्यावर मात्र हात धरून बसवलं. अर्धं मराठी, अर्धं दखनी, मध्येच तेलुगू. वाडा पडायलाय हे त्यांना माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नाही. विकायचं चाललंय हे तर नाहीच.

मी सगळं सांगितलं. हिस्सा, एक पंचमांश, डीडी, सगळं. त्या ऐकत होत्या. मग पलंगाखालची लोखंडी पेटी ओढायला लावली मला. वर साड्या, खाली एका पोथीच्या फडक्यात गुंडाळलेला कागद. उर्दू. घडीवर फाटलेला, मागून खळीनं चिकटवलेला. मला आकडे सोडून काही वाचता येईना. खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांना बोलावलं. खरेदीखत. खुर्दाद, १३५२ फसली. लिहून घेणार म्हणून आबांचं नाव, किंमत हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या रुपयांत. म्हणजे गंगथडी काकांच्या हिशेबानं १९४३.

आबा गेल्यापासून हा कागद सगळ्या भावांनी शोधला असेल किंवा शोधला नसेल. तो होता जिच्या सहीची कुणाला आठवण नव्हती तिच्याकडं. आबांनी जाताना दिला म्हणाल्या, "पोरं भांडतील, तू ठेव."

सही कराल का विचारलं. म्हणाल्या, "करीन की. पण पोरांनी येऊन मागावी. तू शेजारची, तुला कशी देऊ?" मग चहा टाकला, आणि एकदम विचारलं, "तू दिलीस का गं तुझ्या भावाला सही?"

दिली होती. २०१४ ला, आईच्या नावच्या शेताची. पोह्याची ताटली मांडीवर ठेवून.

कागदाचा फोटो त्यांनी काढू दिला. कागद परत फडक्यात.

कोनाडा

...

गंगथडी

त्या कागदाचं प्रमाणित भाषांतर करून घ्या. आणि मूळ कुणाच्याही हाती देऊ नका म्हणावं त्यांना. कुणाच्याही.

उंबरठा

स्वकष्टार्जित म्हणायला यापेक्षा चांगला कागद मिळणार नाही. भावांची पोरं एकत्र कुटुंबाच्या पैशातून घेतलं असं म्हणू शकतात, पण ते सिद्ध करायचं ओझं आता त्यांच्यावर. लातूरच्या मुलाला कळवलंत का?

बालाघाटी

कळवलं. पहिलं वाक्य, "आत्या अजून आहेत का?" दुसरं वाक्य, "मग सव्वीस करा, चार लाख त्यांना द्यावे लागतील."

मी सोळा सांगितलेत, टेलरकाकांना नवीन गाळ्यासकट, आणि अट एकच की तो स्वतः निजामाबादला जाऊन येईल. विसार दिलेला नाही. नवऱ्यानं एफडी केली. बाबा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

हिशेबी

एफडीबद्दल अभिनंदन.

ढेकळं

तो पोरगा जाणार नाही ताई. लिहून घ्या. चार लाखासाठी जाईल पण मागायला जाणार नाही.

बालाघाटी

धागा वर काढतेय. तो गेला नाही, ढेकळं जिंकले.

काल रात्री पावसात वाड्याची मागची भिंत पडली. अर्धी आतल्या अंगाला, अर्धी आमच्या अंगणात, तुळशीवृंदावनासकट. बाबा बरे आहेत, झोपेत होते. दलाल सकाळी येऊन भिंत न बघता लाकूड बघून गेला. आता अंगणात दोन ट्रॅक्टर दगड पडलेत. ते अठरा जणांच्या मालकीचे. उचलायचे तर परवानगी कुणाची घ्यायची?

उंबरठा

कुणाची नाही. पण एकही दगड हलवायच्या आधी फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे, आणि नगरपंचायतीत अर्ज देऊन पंचनामा करून घ्या. धोकादायक बांधकामाची नोटीस काढायला त्याच अर्जात सांगा. बाबांना त्या बाजूच्या खोलीत झोपू देऊ नका.

पांढरीचा माणूस

उरलेली भिंत कोरडी व्हायला लागली की आणखी सुटते. आजच टेकू लावून घ्या, उद्या नाही. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, आमचा एक माणूस अंबाजोगाईत आहे.